व्हॅक्सिन या शब्दातील गाय

लस टोचून घेताना दवाखान्यात 'व्हॅक्सिन' हा इंग्रजी शब्द तुमच्या कानांवर पडला असेल. या शब्दात एक गाय दडलेली आहे! लॅटिन भाषेत गाईला 'व्हाक्का' म्हणत; त्यावरून तो आला.

देवीचा रोग आज जगात उरलेला नाही. त्याचे उच्चाटन झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. पण अठराव्या शतकात या रोगाने असंख्य माणसे दगावत. जे वाचत, त्यांच्या तोंडावर व्रण राहत. कित्येकांची दृष्टी जाई. गाईंच्या आचळांवरही एका सौम्य देवीचे फोड येत. तसे फोड ज्या गवळणींच्या हातांवर उठत, त्यांना म्हणे मोठ्या देवी येत नसत. इंग्लंडातील बर्कली गावचा डॉक्टर एडवर्ड जेन्नर याने हे बोलणे हसण्यावारी नेले नाही. १७९६ च्या मे महिन्यात त्याने एका गवळणीच्या फोडातील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला. जुलैत त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला. केवढे हे धाडस! आज असा प्रयोग करण्यास कोणी धजणार नाही. जेम्सला देवी आल्या नाहीत.

पुढे १८८१ मध्ये लुई पाश्चर याने सुचविले की, जेन्नरच्या गौरवार्थ इतर रोगांच्या प्रतिबंधक लसींनाही व्हॅक्सिनच म्हणावे. म्हणून पोलिओच्या थेंबांचा गाईशी काही संबंध नसला, तरी तेही व्हॅक्सिनच.

मराठीने मात्र गाय घेतली नाही; तिने फोडातला द्रव घेतला. जखमेतून जे पाझरते, त्यालाही आपण लसच म्हणतो.