टेस्ट निगेटिव्ह, मग अँटिबायोटिक सुरू?

कोविडच्या काळात आपण सगळेच स्वॅब आणि दोन रेघा वाचायला शिकलो. आता फ्लूच्या रॅपिड टेस्टही मिळतात आणि टेस्टवरून औषध ठरवणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण प्रत्येक टेस्ट एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर देते. तिला न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आपण तिच्यातून काढू लागलो की अँटिबायोटिकच्या गोळ्या विनाकारण पोटात जातात.

गैरसमज: फ्लू आणि कोविड निगेटिव्ह, म्हणजे जंतुसंसर्ग बॅक्टेरियाचाच.

सर्दी-खोकला करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. स्वॅबने त्यांतल्या दोन-तीनच विषाणूंचा शोध घेतलेला असतो. शिवाय फ्लूच्या साध्या रॅपिड अँटिजेन टेस्टमध्ये खरोखर फ्लू असलेले बरेच रुग्ण निसटतात. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट हा बॅक्टेरियाचा पुरावा ठरत नाही.

गैरसमज: बेडका हिरवा-पिवळा झाला, आता अँटिबायोटिक हवंच.

हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट एन्झाइममुळे येतो, आणि त्या पेशी विषाणूंशी लढतानाही गोळा होतात. धडधाकट माणसाच्या ब्रॉन्कायटिसमध्ये कारण बहुतेक वेळा विषाणूच असतो. (सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट, श्वासनलिका अरुंद करणारा आजार असलेल्या रुग्णांचं वेगळं. त्यांचा दम आणि बेडका दोन्ही वाढले, बेडक्याला पुवासारखा रंग आला, तर तो डॉक्टरांनी गंभीरपणे घ्यायचा बदल असतो.) ब्रॉन्कायटिसच्या खोकल्याला पूर्ण थांबायला सरासरी अडीच आठवडे लागतात, पण बहुतेकांचा धीर आठवड्यातच सुटतो. मग दुसऱ्या आठवड्यात गोळ्या सुरू होतात, खोकला त्याच्या वेळेला थांबतो आणि श्रेय गोळ्यांना मिळतं.

गैरसमज: सीआरपी वाढला म्हणजे इन्फेक्शन बॅक्टेरियाचं.

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. शरीरात कुठेही दाह झाला की ते वाढतं, मग कारण फ्लू असो, संधिवात असो की शस्त्रक्रिया. लॅबच्या रिपोर्टवर ‘५ पेक्षा कमी’ असं छापलेलं असतं, त्यामुळे १८ हा आकडा ठळक अक्षरात आला की घरचे घाबरतात.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१४ मध्ये न्यूमोनियाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याचे टप्पे दिले. सीआरपी लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर सहसा अँटिबायोटिक देऊ नये. २० ते १०० असेल तर चिठ्ठी लिहून द्यावी, पण त्रास वाढला तरच गोळ्या सुरू कराव्यात असं सांगावं. १०० च्या वर असेल तर द्यावं. मात्र हे टप्पे तपासल्यानंतरही न्यूमोनियाबद्दल शंका उरलेल्या प्रौढ रुग्णासाठी आहेत. लहान मुलांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. आजाराच्या पहिल्या काही तासांत हा आकडा कमीही दिसू शकतो.

नीट वापरली तर ही टेस्ट खरंच उपयोगी पडते. इंग्लंड आणि वेल्समधल्या सीओपीडीच्या ६५३ रुग्णांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. खोकला-दम बळावल्यावर ज्यांचा सीआरपी डॉक्टरांनी बोटाच्या थेंबभर रक्तावर पाहिला, त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी पुढच्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलं. टेस्ट न केलेल्यांमध्ये हे प्रमाण ७७ टक्के होतं. गोळ्या कमी झाल्या म्हणून तब्येत बिघडल्याचं दिसलं नाही.

गैरसमज: महागडं पॅनेल केलं की निर्णय आपोआप होतो.

एकाच स्वॅबमधून डझनभर विषाणू शोधणाऱ्या पॅनेलचा अभ्यास इंग्लंडमध्येच, रुग्णालयात आलेल्या प्रौढांवर झाला. पॅनेल केलेल्या गटात ८४ टक्के आणि न केलेल्या गटात ८३ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक मिळालंच. कित्येकांना पहिला डोस रिपोर्टच्या आधीच दिलेला होता. विषाणू सापडल्यावर अँटिबायोटिक लवकर थांबवण्याचं प्रमाण मात्र वाढलं. हाताशी आलेल्या रिपोर्टवर विश्वास ठेवून औषध बंद करण्याची तयारी नसेल तर माझ्या मते पॅनेलचा खर्च फुकट आहे.

घसादुखीत स्ट्रेपची रॅपिड टेस्ट थेट बॅक्टेरियाच शोधते, म्हणून ती जास्त मोलाची. शाळकरी मुलाला ताप, गळ्यात दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे डाग आणि खोकला नाही, तेव्हा ती करावी. पॉझिटिव्ह आली तर पूर्ण कोर्स घ्यावा. स्ट्रेपनंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापातून हृदयाच्या झडपा खराब होण्याचा धोका आपल्याकडे अजून संपलेला नाही. इथे जुनं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पुरतं, अझिथ्रोमायसिनकडे धावायचं कारण नाही. नाक वाहतंय, आवाज बसलाय, खोकला आहे, तर ही टेस्टसुद्धा सहसा लागत नाही.

खोकला दोन आठवडे टिकला तर भारतात पहिला प्रश्न टीबीचा. तिथे लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं अंदाजाने दिली तर टीबी काही काळ झाकला जातो आणि निदान लांबतं. थुंकीची तपासणी आधी करा. गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट यंत्र ती सुमारे तासाभरात करतं आणि सरकारी केंद्रात ती मोफत आहे. धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळाच्या फासळ्या आत ओढल्या जात असतील, तर मात्र कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा.