नंदादेवी : शिखर आणि शोध

स्थान : उत्तराखंडातील गढवाल हिमालय, चमोली जिल्हा.

उंची : मुख्य शिखर ७,८१६ मीटर, नंदादेवी पूर्व ७,४३४ मीटर. दोन्ही शिखरे एका लांब, धारदार कड्याने जोडलेली.

फरक : कांचनजंगा (८,५८६ मीटर) अधिक उंच, पण भारत-नेपाळ सीमेवर. नंदादेवी संपूर्णपणे भारतात.

अभयारण्य : शिखराभोवतीचे खोरे. चहूबाजूंनी उंच पर्वतांचे कडे. पाण्याला वाट एकच, पश्चिमेकडील ऋषिगंगेची खोल घळ.

शोधाचे टप्पे

- १८८३ : डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहम यांचा ऋषिगंगेच्या घळीतून आत जाण्याचा प्रयत्न असफल.
- १९०५ : टॉम लाँगस्टाफ पूर्वेकडील कड्यावर पोहोचले, आत उतरता आले नाही.
- १९३२ : ह्यू रटलेज यांचा प्रयत्नही अपुरा.
- १९३४ : एरिक शिप्टन, बिल टिलमन आणि आंग थार्के, पासांग, कुसांग हे तीन शेर्पा घळीतून अभयारण्यात दाखल.
- २९ ऑगस्ट १९३६ : ब्रिटिश-अमेरिकी मोहिमेतील टिलमन व नोएल ओडेल माथ्यावर. माणसाने सर केलेले तोपर्यंतचे सर्वांत उंच शिखर. हा मान १९५० मध्ये अन्नपूर्णेकडे गेला.
- १९३९ : पोलिश मोहिमेकडून नंदादेवी पूर्व सर.

संरक्षण : १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान, १९८८ मध्ये युनेस्कोचे जागतिक वारसास्थळ.

श्रद्धा : नंदा ही गढवाल-कुमाऊँची आराध्यदेवता. नंदादेवी राजजात यात्रा साधारणपणे बारा वर्षांनी निघते.