सीमाभागातली जुनी मराठी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातले मेहकर (बुलढाण्याचे निराळे) आणि आसपासच्या गावांत मराठी बोलली जाते. ती मराठेशाहीच्या फौजांबरोबर आली, असे सर्रास सांगतात. मात्र मराठी या मुलखाला त्याच्या कितीतरी आधीपासून परिचित होती. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग-कुडल येथील मराठी ओळीचा शिलालेख शके 940 चा, म्हणजे 1018 चा आहे. बिदर जिल्ह्यातल्याच कल्याणीहून, आजच्या बसवकल्याणहून, राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. मराठी पदेही आहेत. एवढ्यावरून कल्याणीत घरोघर मराठी होती असे ठरत नाही, पण दरबाराच्या कानावर ती होती.

दरबाराची भाषा तीच रयतेची, हा दुसरा समज. देवगिरीच्या यादवांचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत आणि ‘ज्ञानेश्वरी’ (1290) त्यांच्याच राज्यातली. इंग्लंडचा दाखला इथे बोलका आहे. अँग्लो-सॅक्सन लोकांची जुनी इंग्रजी 1066 नंतर नॉर्मन राजांच्या दरबारातून हटली, फ्रेंच आली. पण शेतकरी आपलीच भाषा बोलत राहिले. बरेच फ्रेंच शब्द पचवून ती इतकी टिकली की 1362 मध्ये न्यायालयांत इंग्रजीतून बाजू मांडण्याचा कायदा झाला. बिदरला बहमनी काळात फारसीचा अंमल होता, तरी मराठी आणि कन्नड दोन्ही राहिल्या.

तिसरा समज पाठ्यपुस्तकांनीच पसरवला: श्रवणबेळगोळचा मराठी लेख 983 चा. गोमटेश्वराच्या पायथ्याशी ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ असे कोरले आहे. मूर्ती ती करवणाऱ्या चावुंडरायाच्या काळातली, म्हणजे दहाव्या शतकातली, हे खरे. पण सोबतच्या ओळीतला गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. म्हणून दोन्ही ओळी 1117 च्या सुमारास एकदमच कोरल्या, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि ते पटण्याजोगे आहे.

राहिला सीमेचा प्रश्न. आजची राज्यसीमा जुनी भाषासीमा नव्हे. 1956 पर्यंत सगळा बिदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो फुटला: उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्याकडे गेले, भालकी म्हैसूरकडे.