नाद नव्हे, आजार!

'त्याला आकड्याचा नाद आहे' असे म्हणून आपण ज्या माणसाला मोडीत काढतो, त्याला वैद्यकशास्त्र रुग्ण मानते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली जुगाराची नोंद मानसिक विकारांत केली आणि २०१३ साली त्याला दारूच्या व्यसनाच्या पंगतीत बसवले.

हा आजार ओळखावा कसा? हरलेले पैसे भरून काढायला माणूस पुन्हा डाव लावतो, उसनवारी करतो, घरी खोटे बोलतो. आकडा कधी लागेल याचा नेम नसतो, म्हणूनच ओढ सुटत नाही. थोडक्यात हुकलेला डावसुद्धा त्याला जिंकल्यासारखा वाटतो.

घरच्यांची खरी कसोटी इथेच लागते. माझ्या माहितीतल्या एका बाईंनी पाटल्या मोडून नवऱ्याचे देणे फेडले. दोन महिन्यांत नवे देणे उभे राहिले. देणे फिटले, आजार तसाच राहिला!

मग करावे काय? मानसोपचारतज्ज्ञ 'आता माझा आकडा लागणारच' हा समज रुग्णाला तपासून पाहायला लावतात. काहींना औषधेही देतात. घरचे पैशांचे व्यवहार काही काळ पत्नीच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या हाती असावेत. कर्जापायी जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर मात्र एक दिवसही दवडू नये. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

२०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण मनातली ओढ कायद्याने जात नाही. तिला उपचारच हवा, आणि घरच्यांची न रागावता दिलेली साथ.