भूमी शांत, रंग मोजका

दीपावली जवळ आली की घराघरांतील जळमटे निघतात, माळ्यावरची भांडी खाली उतरतात आणि भिंतींना यंदा कोणता रंग द्यावा याची चर्चा रंगते. दुकानातील शेकडो छटा पाहून गृहिणीचे चित्त भ्रमून जाते. अशा वेळी आपल्या वाडवडिलांनी घर कसे सजविले, याचे स्मरण उपकारक ठरेल असे आम्हांस वाटते.

जुन्या मराठी घराचे मूळ रंग दोनतीनच असत. भिंतींना चुन्याची सफेदी. ती अधिक शुभ्र दिसावी म्हणून तीत चिमूटभर नीळ. जमीन शेणाने सारवलेली, वाळल्यावर करडी-हिरवट. तुळया व खांब लाकडी, वर्षानुवर्षांच्या धुराने काळवंडलेले. यांतील एकही रंग दृष्टीला ओढून नेत नसे. सणाच्या दिवशी मात्र त्याच सारवलेल्या अंगणात पांढरी रांगोळी उमटे, तीवर हळदकुंकवाची चिमूट पडे, तुळशीवृंदावनाला गेरू लागे आणि दारावर झेंडूचे तोरण चढे. शुभ्र भिंतीपुढे झेंडू जसा उजळतो, तसा तो सात रंगांच्या भिंतीपुढे कधीच उजळत नाही.

संस्कृत भाषेने हे मर्म दोन शब्दांत साठविले आहे. 'रंग' आणि 'राग' हे दोन्ही शब्द 'रञ्ज्' या एकाच धातूपासून आले. 'राग' म्हणजे वर्ण, आणि 'राग' म्हणजे आसक्तीही. गडद रंग मनाला ओढतो तो याचमुळे. याच्या उलट 'उदासीन'. मराठीत आपण या शब्दाचा अर्थ खिन्न असा घेतो. मुळात तो 'उद्' व 'आसीन' मिळून झालेला, अलिप्तपणे बसलेला असा आहे. भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात गुणातीत पुरुषाच्या वर्णनात तो येतो. पांढरा, करडा, मातकट हे रंग असे उदासीन होत. ते स्वतः मिरवत नाहीत, म्हणूनच दुसऱ्याला शोभा देतात.

पंढरीचा विठुराया पाहावा. मूर्ती काळ्या पाषाणाची. तीवर पिवळा पीतांबर, कंठी हिरवी तुळशीमाळ आणि भाळी गंध. मूर्तीचा सावळेपणा आहे म्हणून पीतांबराचे तेज आहे. फार काय, लक्ष्मीपूजनासाठी आपल्या परंपरेने तिथी निवडली ती आश्विन अमावास्येची. त्या काळोखाच्या पटावर मातीची एक पणतीही ऐश्वर्य वाटते.

आजच्या सदनिकेत शेणाची जमीन नाही, चुनाही क्वचितच. तरी नियम तोच चालतो. भिंती फिकट ठेवाव्यात. गडद रंगाला घरात एकदोनच स्थाने द्यावीत: देवघरामागची भिंत, खणाच्या कापडाचे अभ्रे, जुन्या पैठणीच्या काठांचे तोरण, किंवा घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या घंगाळात शेवंतीची फुले. विजेच्या माळा लावाव्यात; पण त्या देवाभोवती इतक्या लुकलुकू नयेत की देवच दिसेनासा व्हावा. कीर्तनाच्या निमित्ताने अनेक घरी जाणे होते, तेथे हा अनुभव आम्हांस वारंवार येतो.

या मोजकेपणाचे खरे मोल आनंदाच्या दिवशी कळत नाही, दुःखाच्या वर्षी कळते. ज्या घरातील माणूस वर्षाच्या आत गेलेले असते, तेथे पहिल्या दिवाळीला तोरण नसते, आकाशकंदील नसतो; फराळही आप्तेष्ट आणून देतात. दारात केवळ एक पणती असते. अशा घराच्या भिंती शांत असतील, तर त्या शोकाला सामावून घेतात. तेथे आलेल्याला मोठ्याने बोलवत नाही. पणतीकडे पाहत तो चार क्षण गप्प बसतो. भिंतीच भडक असतील, तर त्या वर्षी त्यांचे काय करावे? तोरण उतरविता येते, भिंत उतरविता येत नाही. वर्ष सरते, पुन्हा झेंडू येतो आणि तेच घर पुन्हा हसू लागते. सुखदुःखाचे पाहुणे येतात व जातात; यजमानाने, म्हणजे घराने, स्थिर राहावे.

यात धनाचाही विचार आहे. ऋण काढून सण करू नये असे आपले वडीलधारे सांगत आले. शेजाऱ्याच्या दिवाणखान्याशी स्पर्धा करताना पगार पुरत नाही आणि समाधानही लाभत नाही. कुंकवाची रीत पाहा: पारंपरिक कुंकू म्हणजे चुन्याच्या संस्काराने लाल झालेली हळद. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या पुडीला साधा पांढरा चुना भेटला आणि सौभाग्याचा रंग सिद्ध झाला. घरोघरी असणाऱ्या वस्तूंतूनच मांगल्य निर्माण होते.

वाचकहो, यंदा एक भिंत रिकामी सोडून पाहा. तिच्यापुढे समई लावा. एकाच ज्योतीने खोली कशी भरून जाते, हे आपले आपणांस दिसेल.