मज्जारज्जूला हायड्रोजेलचा आधार

वैद्यकशास्त्रातील ‘असाध्य’ हा शब्द फार जुना आहे. इजिप्तमधील ‘एडविन स्मिथ पपायरस’ ही वैद्यकाची पोथी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० या काळातील. मानेचा मणका निखळल्यामुळे ज्याला स्वतःच्या हातापायांची जाणीव उरलेली नाही, अशा रोग्याचे वर्णन तीत आहे. आणि हा आजार उपचार करण्यासारखा नाही, असा निर्वाळाही वैद्याने देऊन ठेवला आहे. या निर्वाळ्याला साडेतीन हजार वर्षे लोटली. आता एका मऊ, पाणीदार पदार्थामुळे तो थोडासा डळमळू लागला आहे. त्या पदार्थाचे नाव हायड्रोजेल. मी कला शाखेचा विद्यार्थी. तेव्हा अवघड परिभाषा शक्य तितकी टाळून, माझ्यासारख्याच वाचकांपुढे हा विषय मांडण्याचा प्रयत्न करतो.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कमरेपर्यंत मणक्यांच्या पोकळीतून उतरणारा मज्जातंतूंचा जुडगा. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, जाडी साधारण करंगळीएवढी. ‘पाय उचल’ ही मेंदूची आज्ञा याच वाटेने खाली जाते आणि ‘पायात काटा रुतला’ ही वर्दी याच वाटेने वर येते. अपघातात मणका मोडून हा रज्जू चेंगरला की पाय शाबूत असतात, मेंदूही शाबूत असतो; पण एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचत नाही.

बोट कापले तर जखम भरते, मोडलेले हाड सांधते. हातापायांतील तुटलेला मज्जातंतूसुद्धा दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो. मग मज्जारज्जूनेच काय पाप केले? दुखापतीनंतर तेथे सूज येते, पेशी मरतात, मध्ये द्रवाने भरलेली पोकळी राहते आणि तिच्याभोवती घट्ट व्रण तयार होतो. शिवाय तंतूंची वाढ रोखणारी द्रव्येही तेथे असतात. १९०६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, की तुटलेल्या तंतूंना अंकुर फुटतात, पण ते लवकरच खुंटतात. पुढे १९८१ साली कॅनडातील माँट्रिअल येथे सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट आग्वायो यांनी उंदराच्या पायातील मज्जातंतूचा तुकडा मज्जारज्जूला जोडून दिला. तेव्हा आतले तंतू त्या तुकड्यातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढत गेले! म्हणजे बियाणे जिवंत होते. जमीन नापीक झाली होती.

ही जमीन सुधारण्यासाठी हायड्रोजेल उपयोगी पडते. सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती फुगलेले, पारदर्शक आवरण येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते हायड्रोजेलच: लांबलचक रेणूंचे जाळे आणि त्यात कोंडलेले भरपूर पाणी. १९६० साली चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी शरीराला सोसेल असे कृत्रिम हायड्रोजेल जगापुढे मांडले; पुढच्याच वर्षी विख्टर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रावर मऊ काँटॅक्ट लेन्स बनवल्या. मज्जारज्जू अतिशय नाजूक. तेथे कठीण वस्तू ठेवली तर ती घासून आणखी इजा व्हायची. जेल मात्र पोकळीचा आकार घेते, त्याच्या जाळ्यातून पोषक द्रव्ये जाऊ शकतात, त्यात औषधे किंवा पेशी ठेवता येतात, आणि काम झाल्यावर ते विरघळून जाईल अशी योजनाही करता येते. वेलाला मांडव घालावा तसेच हे. चढायचे वेलालाच असते.

या बाबतीतला एक गाजलेला प्रयोग अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युएल स्टप यांच्या गटाने केला आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. पांगळ्या झालेल्या उंदरांच्या मज्जारज्जूभोवती, दुखापतीनंतर एका दिवसाने, एकच इंजेक्शन दिले. आत गेल्यावर त्या द्रवाचे अतिसूक्ष्म धाग्यांचे जेल झाले. धाग्यांतील रेणूंवर पेशींना ‘वाढा’ असे सांगणारे दोन संकेत बसवलेले होते. जेथे हे रेणू अधिक हलते होते, तेथे पेशींशी त्यांची गाठ अधिक वेळा पडली आणि गुणही अधिक आला. सुमारे चार आठवड्यांत उंदीर पुन्हा चालू लागले. बारा आठवड्यांत जेल विरून गेले.

मात्र ‘उंदीर चालला’ आणि ‘माणूस चालेल’ या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. उंदराची जखम लहान, प्रयोगशाळेत मोजूनमापून केलेली. उपचार दुसऱ्याच दिवशी. माणसाची जखम वेडीवाकडी आणि पुष्कळदा अनेक वर्षांची जुनी. अमेरिकेत अशाच हेतूने तयार केलेला, शरीरात विरघळणारा एक सच्छिद्र सांगाडा २०१४ साली प्रथम माणसाच्या मज्जारज्जूत बसवला गेला. तो जेलचा नव्हता, पण कल्पना तीच. २०२३ साली त्याच्या नियंत्रित चाचणीचा निकाल लागला, तेव्हा अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. म्हणून मला वाटते, अशा रोग्याच्या घरच्यांना कोणी ‘नवा उपचार’ म्हणून मोठी रक्कम सांगितली, तर आधी चाचणीची नोंद मागावी. भारतात २००९ पासून औषधांच्या चाचण्या सार्वजनिक नोंदवहीत नोंदवणे सक्तीचे आहे.

तोवर काय? १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा रुग्णांची शुश्रूषाच बदलून टाकली. कुशी बदलणे, मूत्रमार्गाची काळजी, व्यायाम, काम आणि खेळ यांवर त्यांनी भर दिला. त्यांनी १९४८ साली सुरू केलेल्या खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक जन्मले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले आपले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे याच स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. तेथे जेल नव्हते. माणसाला टाकून न देणारी माणसे होती. मज्जारज्जूचे तंतू जोडण्याचे काम शास्त्रज्ञ करीत आहेत. आपल्या इमारतींना उतार बांधणे, चाकाच्या खुर्चीतील सहाध्यायाला वर्गात जागा करून देणे, हे काम मात्र आपल्यालाही आजच करता येईल.