खुर्ची उलटी करून पाहावी

जुन्या लाकडी खुर्चीचा भाव विचारला की विक्रेता आधी तिचे वय सांगतो. ‘शंभर वर्षांची, ब्रह्मी सागाची’ हे बिरूद सातारा-सांगलीच्या जुन्या बाजारात जवळजवळ प्रत्येक खुर्चीला लावलेले आढळते. या दोन जिल्ह्यांतील खुर्च्यांच्या नोंदी मी बरीच वर्षे ठेवत आलो आहे. माझा पहिला नियम एवढाच : खुर्ची उलटी करावी.

बैठकीच्या खाली पॉलिश सहसा पोचत नाही. तिथे सरळ रेघा दिसल्या तर करवत हाताची. कमानीसारख्या वळलेल्या दिसल्या तर यंत्राचे गोल पाते. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचे चिन्ह असेल, तर तो १९३० च्या दशकाआधीचा नव्हे. मात्र एखादा स्क्रू दुरुस्तीत बदललेला असतो, म्हणून चारही कोपरे तपासावेत. राहता राहिला ब्रह्मी साग. ब्रह्मदेशातील आणि आपल्याकडील साग हे एकाच जातीचे झाड. नुसत्या नजरेने त्यांचा उगम छातीठोकपणे सांगता येत नाही. तेव्हा कागदपत्र नसेल तर ‘ब्रह्मी’ या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नयेत.

इराणी हॉटेलांमुळे ओळखीची झालेली गोल पाठीची खुर्ची मुळात व्हिएन्नाच्या थोनेटची. १८५९ मधील त्यांची १४ क्रमांकाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांत उभी राही. सुटे भाग करून एक घनमीटर पेटीत ३६ खुर्च्या मावत. १८६९ मध्ये त्यांचा एकाधिकार संपला आणि इतर कारखान्यांनीही तशाच खुर्च्या काढल्या. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूस छाप किंवा कागदी चिठ्ठी शोधावी. ती नसेल तर लाकडाच्या रेषा पाहाव्यात. वाफेवर वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर वळतात. फळीतून कापलेल्या नकलेत त्या वळणावर तुटतात, आणि खुर्ची मोडते तीही तिथेच.

वेताच्या बैठकीचा या भागाशी जुना संबंध आहे. महाबळेश्वरला १८३४ च्या सुमारास तुरुंग झाला. सिंगापूर-पेनांगकडचे चिनी आणि मलायी कैदी तिथे ठेवले जात. १८६४ मध्ये तो बंद झाला, पण त्यांची भाजीपाल्याची लागवड आणि वेतकाम मागे राहिले. म्हणून महाबळेश्वरहून आलेली प्रत्येक खुर्ची कैद्यांच्या हातची ठरत नाही. पाहायचे ते असे : चौकटीच्या कडेने ओळीने भोके असतील आणि प्रत्येकातून वेत ओवला असेल, तर विणकाम हाताचे. सलग खाचेत जाळी दाबून वरून पट्टी बसवली असेल, तर ती तयार जाळी.

सांगलीकडच्या खुर्चीबाबत पुराचा विचार करावाच लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ मध्येही पाणी घरांत शिरले होते. जुना सरस पाण्यात विरघळतो. चारही पायांवर सारख्या उंचीवर डाग, सांध्यांत वाळलेला गाळ आणि त्यावर ताजे चकचकीत पॉलिश दिसले, तर खुर्ची हलवून पाहावी. लाकडी खुंटीने बांधलेली बहुधा तग धरते. निव्वळ सरसावर उभी असलेली करकरते.

किमतीचा हिशेब काट्यावर सुरू करावा. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८-१९ किलो भरतो. सात किलोच्या खुर्चीत तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक घनफूट लाकूड असते. त्या लाकडाचा आजचा भाव ही तळाची किंमत. तीत कारागिरी मिळवावी. वेत, सांधे, मोडका पाय यांच्या दुरुस्तीचा खर्च वजा करावा. मूळ भाग जितके शाबूत, तितका भाव वर.

या हिशेबात न बसणारी एक गोष्ट उरते. पाठीमागे रंगवलेला अनुक्रमांक, वाचनालयाचे किंवा शाळेचे नाव. संस्था निर्लेखन करून खुर्च्या ढिगाने विकतात, विक्रेता घासकागदाने ती अक्षरे काढतो आणि खुर्ची ‘नवी’ होते. त्या चार अक्षरांवरूनच ती कुणाच्या सभेत, कुठल्या वर्गात होती हे कळले असते. विकत घेणाऱ्याने घासण्याआधी ती अक्षरे वाचावीत, आणि विकणाऱ्या संस्थेने निर्लेखनाच्या यादीत नगांच्या संख्येशेजारी तेही उतरवून ठेवावे. त्याला एका ओळीपलीकडे खर्च नाही.